एक डबा म्हणजे किती किलो?

एक साधा प्रश्न विचारतो. एक लिटरचा डबा तांदळाने भरला तर त्यात किती तांदूळ मावेल? आमच्या मजल्यावर मी हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक खोलीत विचारला. बहुतेकांनी क्षणभरही न थांबता "एक किलो" असं ठोकून दिलं. मेकॅनिकलच्या एका विद्वानाने "टेंपरेचर किती?" असं विचारलं. फक्त फर्स्ट इयरच्या एका मुलाने, ज्याच्या घरी किराणा मालाचं दुकान आहे, "आठशे ग्रॅम धरा. तांदूळ कुठला आहे त्यावर थोडं खालीवर," असं बरोबर उत्तर दिलं. डेन्सिटीवर प्रत्येक सेमिस्टरला मार्क मिळवणारे आपण सगळे नापास, आणि दुकानात पुड्या बांधणारा पास!

लिटर म्हणजे किलो हे समीकरण पाण्याचं आहे. ते आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की डब्यात पाणी आहे की पोहे हे आपण बघतच नाही. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण रोज एकशे ऐंशी माणसांचा स्वयंपाक होतो, धान्य किलोने विकत येतं आणि डब्याने शिजतं, तिथे बिघडतं. आपल्या मेसमध्ये या वर्षी ते चांगलंच बिघडलं होतं. मेस कमिटीत असल्यामुळे सगळा हिशेब मला जवळून बघायला मिळाला, म्हणून हा लेख.

झालं असं की, कोठीच्या रजिस्टरप्रमाणे एका महिन्यात ६१ किलो तांदूळ कमी भरला. म्हणजे पंचवीस किलोच्या जवळजवळ अडीच गोण्या. रजिस्टर कसं लिहितात ते सांगतो. आपले आचारी, ज्यांना आपण सगळे मामा म्हणतो, ते रोज कोठीतून डब्याने तांदूळ काढतात आणि "सकाळचे सात, संध्याकाळचे सात" असं सांगतात. कमिटीचा मुलगा डब्याचे किलो करून लिहितो. त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला कोणीतरी एकदा डबा तांदळाने भरून, वरून पट्टी फिरवून, काट्यावर ठेवला होता. तो भरला एक किलो सहाशे ग्रॅम. तेव्हापासून डबा म्हणजे १.६ किलो. तांदूळ असो, डाळ असो, पोहे असोत, सगळ्याला १.६.

तूट दिसल्यावर मीटिंग झाली. मीटिंगमध्ये मामांचं नाव कोणी घेतलं नाही, पण सगळे त्यांच्याबद्दलच बोलत होते. कोठीची किल्ली कोणाकडे असते, रात्री सायकलला पिशवी कसली असते, असे प्रश्न निघाले. रेक्टरसरांना पत्र द्यायचं ठरत होतं. ज्या माणसाच्या हातचं आपण तीन वर्षं जेवतोय, त्याच्यावर चोरीचा आळ घ्यायचा तर निदान आकडा तरी तपासावा, एवढंच माझं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं काटा घेऊन पहाटे स्वयंपाकघरात गेलो.

मामा तांदूळ काढत होते. डबा पोत्यात खुपसला, वर काढला, बुडाला एक थाप मारली आणि शिगेसकट तसाच पातेल्यात ओतला. मी म्हटलं, "मामा, तुम्ही वरून पट्टी फिरवत नाही का?" मामा माझ्याकडे बघतच राहिले. "अवो, डबा भरला म्हंजे शिगेनंच भरणार की! सपाट भरायला आपण काय दुकानदार हाय का?"

हीच ती चोरी. मामांनी भरलेले दहा डबे आम्ही ओळीने तोलले. सगळ्यात हलका १.७२ किलो आणि सगळ्यात जड १.७९ किलो निघाला, सरासरी १.७५. म्हणजे रजिस्टरपेक्षा डब्यामागे दीडशे ग्रॅम जास्त. दिवसाचे चौदा डबे, म्हणजे २.१ किलो. तीस दिवसांचे ६३ किलो. आमची तूट ६१ किलोची होती! सगळा तांदूळ आपल्याच पोटात गेला होता.

आता शीग म्हणजे नक्की किती, हे गणिताने काढता येतं का? येतं. धान्य ओतलं की त्याचा शंकू होतो आणि शंकूचा उतार प्रत्येक धान्याचा ठरलेला असतो. सिव्हिलवाले याला अँगल ऑफ रिपोज म्हणतात. वर्तमानपत्रावर तांदळाचा ढीग करून आम्ही तो मोजला, साधारण ३२ अंश आला. डब्याचा आतला व्यास १३ सेंटिमीटर, उंची १५. आकारमान जवळजवळ दोन लिटर. वरच्या शंकूची उंची येते चार सेंटिमीटर आणि आकारमान १८० मिलिलिटर, म्हणजे डब्याच्या नऊ टक्के. वजनात साधारण १४५ ग्रॅम. काट्याने सांगितले होते १५०. उरलेले पाच ग्रॅम मामांच्या थापेचे म्हणूया. इंजिनिअरिंगच्या कुठल्याही प्रॅक्टिकलमध्ये आमचं रीडिंग थिअरीच्या इतकं जवळ आलेलं नाही (आणि आलं तर ते कसं आलं हे सगळ्यांना माहीत असतं).

या गणितातून एक उपयोगाची गोष्ट निघते. शिगेचं मापाशी प्रमाण म्हणजे त्रिज्या गुणिले उताराचा टॅन, भागिले उंचीची तिप्पट. म्हणजे भांडं जितकं पसरट तितकी शीग मोठी. दहा सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर उंच अशी उभ्या काठाची वाटी घेतली तर शीग येते २६ टक्के! एकाची "वाटी" दुसऱ्याच्या "वाटी"पेक्षा सव्वापट असू शकते आणि दोघंही खरं बोलत असतात. उलट आठ सेंटिमीटर रुंद, तीस उंच असा उभट डबा घेतला तर शीग तीन टक्क्यांच्याही आत. मापाचं भांडं उभट घ्यावं ते यासाठी.

आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार आहे. पाणी काठोकाठ भरतं, धान्य शिगोशीग. दोन वेगळे शब्द, कारण दोन वेगळी मापं. लग्नानंतर नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडते, तेही तांदळाने शिगोशीग भरलेलं असतं, पट्टी फिरवलेलं नव्हे. आणि मापात पाप करायला डबा चेपवायची काहीच गरज नाही. शेतकऱ्याकडून घेताना शीग आणि गिऱ्हाइकाला देताना सपाट, एवढं पुरतं.

घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना जुनं कोष्टक विचारा. दोन नेळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडशिरी, दोन अडशिऱ्या म्हणजे पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. नेळव्यापासून पायलीपर्यंत प्रत्येक पायरी दुप्पट आहे. कॉम्प्युटरवाल्यांनी बायनरी बायनरी म्हणून फार मिरवू नये, आपल्या पणज्या त्यावर धान्य मोजत होत्या. ही सगळी आकारमानाची मापं. पण शेर वजनाचाही होता. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्यामुळे वजनी मण चाळीस शेरांचा आणि मापी मण चौसष्ट शेरांचा, आणि नाव एकच! त्यातून पायलीही भागाभागात वेगळी. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि साठच्या दशकात बाजारातून ही मापं अधिकृतपणे गेली. आता २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आहे. कायद्याने बाजार बदलला, स्वयंपाकघर नाही. ते अजून वाटी, मूठ, पसा आणि डबा यांवरच चालतं.

अमेरिकेत याच भानगडीतून त्यांनी एक गमतीदार वाट काढली. त्यांचं बुशेल हे मुळात आकारमानाचं माप, सुमारे ३५ लिटरचं. पण व्यापारात त्याला धान्यागणिक वजन ठरवून दिलं. गव्हाचं बुशेल ६० पौंड, सोललेल्या मक्याचं ५६, ओटचं ३२. आता तिथे बुशेल म्हणतात आणि तोलतात काट्यावर. ६० पौंड म्हणजे २७.२ किलो. त्याला ३५.२ ने भागा, लिटरला ७७० ग्रॅम येतात. आमच्या काट्यावर गहू लिटरला ७७५ भरला.

आता मूळ प्रश्न. तांदळाचा दाणा पाण्यात बुडतो, म्हणजे तो पाण्यापेक्षा जड आहे. त्याची स्वतःची घनता १.४ च्या वर आहे. मग डबाभर तांदूळ डबाभर पाण्यापेक्षा हलका कसा? कारण डब्यात तांदळाबरोबर हवा आहे. खात्री करायची असेल तर लिटरभर सपाट तांदळात मोजून पाणी ओता. वर येईपर्यंत जवळजवळ ४३० ते ४५० मिलिलिटर पाणी आत जातं. रीडिंग मात्र पटकन घ्या, तांदूळ पाणी प्यायला लागला की आकडा फसतो. म्हणजे आपण "भरलेला" म्हणतो तो डबा पाऊण सोडा, साठ टक्केही भरलेला नसतो.

किती हवा राहणार हे दाण्याच्या आकारावर ठरतं. सारखे गोल चेंडू डब्यात ओतून हलवले तर ते फार तर ६४ टक्के जागा भरतात. २००४ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एम अँड एम्सच्या गोळ्या (आपल्या जेम्ससारख्या) भांड्यात भरून दाखवलं की किंचित चपट्या गोळ्या गोल गोळ्यांपेक्षा दाट बसतात. पण आकार फारच लांबुळका झाला की उलट होतं, दाणे एकमेकांना अडून मध्ये पोकळ्या राहतात. म्हणूनच कोलमसारखा आखूड तांदूळ लिटरला आठशेच्या वर जातो आणि लांब बासमती पावणेआठशेच्या आसपास रेंगाळतो. मेसमध्ये फीस्टला बासमती येतो त्या दिवशी "तेवढेच डबे" काढले की पुलाव कमी का पडतो, याचं थोडं उत्तर यात आहे. बाकीचं उत्तर खाणाऱ्यांत आहे.

तांदूळ, गहू, डाळी हे त्या मानाने सज्जन लोक. लिटरला साडेसातशे ते साडेआठशे या गल्लीतच सगळे राहतात. तूरडाळ, हरभराडाळ आठशेच्या जवळ. रवा सातशे, साबुदाणा साडेसहाशे, शेंगदाणे सहाशे-सव्वासहाशे. साखर साडेआठशे. खरा गोंधळ पिठांचा आणि पोह्यांचा. कणीक चाळून हलक्या हाताने भरली तर लिटरला पाचशेच्या थोडी वर, तीच डब्याने पोत्यातून दाबून काढली तर सहाशेच्याही पुढे. माणूस तोच, डबा तोच आणि फरक वीस टक्के. बेसन तर चाळल्यावर चारशेवर येतं. पिठाला म्हणून डब्याचा कुठलाच आकडा लावू नये, ते तोलूनच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. किलोभर गहू सव्वा-दीड लिटरच्या डब्यात मावतो आणि दळून आणलेलं त्याचं पीठ त्या डब्यात मावत नाही, हे घरी सगळ्यांनी बघितलेलं असतं. वाढलेली असते ती हवा. गिरणीवाला कधी कोणाला पीठ वाढवून देत नाही.

पोह्यांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. जाडे पोहे लिटरला जेमतेम चारशे ग्रॅम, पातळ पोहे त्याच्याही अर्ध्या-पाऊण. म्हणजे आपला दोन लिटरचा डबा जाड्या पोह्यांचे ८०० ग्रॅम घेतो. रजिस्टरमध्ये मात्र त्यालाही १.६ किलो! महिन्यात दोन रविवार पोहे झाले, प्रत्येक वेळी सोळा डबे. रजिस्टरप्रमाणे खर्च ५१ किलो, आणलेले ५०. पोहे संपून वर उणे एक किलो झाले होते, आणि कोठीत चोवीस किलो पोहे उभे होते. तांदूळ ६१ किलो कमी भरला म्हणून मीटिंग बोलावणाऱ्यांपैकी एकालाही या पोह्यांबद्दल प्रश्न पडला नव्हता. तूट आली की माणूस शोधतात, शिल्लक वाढली की नशीब समजतात. वास्तविक दोन्ही एकाच चुकीच्या आकड्याची लेकरं. तांदूळ चोरून नेणारा माणूस पोहे आणून ठेवत नाही, एवढं त्या दिवशी कळलं असतं तर मामांच्या सायकलपर्यंत कोणी पोचलंच नसतं.

मग डब्याने मोजणं वाईटच का? तसं अजिबात नाही. प्रमाणासाठी डबा उत्तम. एकाच भांड्याने दोन्ही गोष्टी मोजल्या की भांडं किती मोठं याला महत्त्व राहत नाही. इडलीला तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, यात वाटी कोणाचीही चालते. फक्त एक गोम आहे. पाण्याला शीग लागत नाही. मामा तांदूळ शिगेने घेतात आणि पाणी त्याच डब्याने दुप्पट. म्हणजे खरं प्रमाण दुप्पट नाहीच, एकाला १.८३ आहे. त्यांचा हात तीस वर्षांत त्यावर बसलेला आहे, भात मोकळा होतो. मामा रजेवर असतात तेव्हा बदली माणूस डबा सपाट भरतो, पाणी दुप्पटच घालतो आणि भात गिजका होतो. आपण मात्र तांदूळ बदलला म्हणून ओरडतो. "मामांची पद्धत" म्हणून जे काही आहे त्यातला एक भाग हा असा नऊ टक्क्यांचा शंकू आहे.

सिव्हिलच्या मित्रांना हे सगळं ओळखीचं वाटत असेल. खडीची बल्क डेन्सिटी काढायची रीत आयएस २३८६ च्या भाग ३ मध्ये दिली आहे. भांडं तीन थरांत भरायचं, प्रत्येक थराला सळईने पंचवीस वेळा ठोसायचं, वरून सपाट करायचं आणि तोलायचं. न ठोसता भरलं तर वेगळा आकडा येतो आणि तो वेगळा लिहायचा. ओली वाळू फुगते म्हणून फर्म्याने माप चुकतं, हेही आपण शिकतो. आयएस ४५६ काँक्रीटसाठी वजनाने माल घ्यायला सांगतं, ते याच कारणाने. साइटवर फर्मा आणि मेसमध्ये डबा, दुखणं एकच. पण लॅबमध्ये खडीला जो मान मिळतो तो कोठीत तांदळाला मिळत नाही.

आपल्या खोलीतल्या किंवा घरच्या मापाचा आकडा काढायचा असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. रिकामं भांडं तोला. काठोकाठ पाणी भरून तोला. फरक जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. मग भांडं कोरडं करून, खरोखर कोरडं, त्यात धान्य तुम्ही नेहमी जसं भरता तसंच भरा. काट्याला दाखवायला म्हणून हळुवार भरू नका, तिथेच सगळे फसतात. शिगेने भरत असाल तर शिगेने, सपाट भरत असाल तर ड्रॉइंगची पट्टी फिरवून. पाच वेळा भरा, पाच वेळा तोला. पाच आकड्यांत तीन-चार टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर तुमचा हात अजून बसलेला नाही किंवा ते पीठ आहे. सरासरी काढून भांड्यावरच मार्करने लिहून ठेवा, वहीत लिहिलेलं कोणी बघत नाही.

मेसमध्ये आम्ही आता हेच केलं आहे. मामांना सपाट भरायला सांगायचा विचार एकाने मांडला होता, तो मी हाणून पाडला. त्यांचा हात बदलायचा आणि भात बिघडवायचा, त्यापेक्षा रजिस्टरमधला आकडा बदलणं सोपं. मामांची शीग धरून तांदळाला १.७५ किलो आणि जाड्या पोह्यांना ०.८ अशी यादी कोठीच्या दाराला आतून लावली आहे. तूरडाळीचा आकडाही तसाच तोलून लिहिला. कणीक आणि बेसन यांच्यापुढे फक्त "काटा" असं लिहिलंय. पुढच्या महिन्यात तांदळाची तूट दीड किलोवर आली. मामांना यादी वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "मग माझ्या शिगेचं बी लिवलं म्हना की," आणि फोडणीला वळले.

नवी गोणी दुसऱ्या जातीच्या तांदळाची आली की आकडा पुन्हा काढावा लागतो. ते काम दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चारला कोठीत असतं. दोन माणसं पुरतात, काटा तिथेच आहे, पट्टी मात्र आपली आपण आणायची. मेसच्या दोन पट्ट्या आतापर्यंत डाळीत गेल्या आहेत.